मोटारीतील वाटाड्या आणि मोटारीतील सोबती

मोटारगाडी हे एके काळी संस्थानिकांचे व बड्या सावकारांचे वाहन होते. आज ती वऱ्हाडातील तालुक्याच्या गावीही शिक्षक, डॉक्टर, वकील व बागाईतदार यांच्या अंगणात उभी असते. ज्या घरी तीन पिढ्या एकत्र नांदतात, त्या घरी मोटार घेणे ही एकट्यादुकट्याची हौस नसते. तो साऱ्या घराचा विचार असतो. आजोबांस गुडघ्यास त्रास न होता आत बसता यावे, सूनबाईंस ती सुखाने चालविता यावी, नातवंडांची दप्तरे मागे मावावीत आणि इतके साधून कर्जाचा हप्ता घरखर्चास जड होऊ नये, एवढ्या अटी एका वाहनाने पुऱ्या करावयाच्या असतात. ही चर्चा बहुधा सुरळीत पार पडते. घोडे अडते ते विक्रेत्याने पुढे ठेवलेल्या तक्त्यापाशी. त्यात एकाच मोटारीचे चार-सहा प्रकार असतात. वरच्या प्रकारात रस्ता दाखविणारा मोठा पडदा असतो, रेडिओ असतो, आणि त्यापायी किंमत चांगलीच चढलेली असते. तरुण मंडळी म्हणतात, एवढे घेतोच आहो, तर तेही असू द्या. वडील मंडळी विचारतात, आपणांस अमरावतीचा रस्ता ठाऊक नाही की काय?

दोन्ही पक्षांच्या बोलण्यात तथ्य आहे, म्हणूनच हा प्रश्न थट्टेवारी न नेता नीट तपासून पाहावा असे आम्हांस वाटते. त्यासाठी आम्ही मुंबई-पुण्याकडे न पाहता अंजनगाव सुर्जी हेच गाव डोळ्यांपुढे ठेवले आहे. विड्याच्या पानांचे मळे व पानपिंपरी यांसाठी नावाजलेल्या या गावाहून दर्यापूर, अकोट, परतवाडा व अमरावती या दिशांना रस्ते फुटतात. मूर्तिजापुराहून अचलपुरास जाणारी ‘शकुंतला’ ही अरुंद रुळांची गाडी पूर्वी येथे थांबत असे. ती बंद पडल्यापासून लग्नकार्य असो, परीक्षा असो वा दुखणे असो, सर्व प्रवास रस्त्यानेच करावा लागतो. अशा गावी मोटारीतील यंत्रांची खरी कसोटी लागते.

वाट ठाऊक असणे म्हणजे काय?

या गावाचे नाव इतिहासात आले ते 30 डिसेंबर 1803 रोजी दौलतराव शिंदे व इंग्रज यांच्यात येथे झालेल्या तहामुळे. त्या तहाआधीच्या मोहिमेतील एक प्रसंग आमच्या विषयाशी फार जवळचा आहे. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली 23 सप्टेंबर 1803 रोजी असईनजीक आला, तेव्हा त्याच्या व मराठी फौजेच्या मध्ये नदी होती. आसपास कोठेही उतार नाही, असे त्याच्या वाटाड्यांनी निक्षून सांगितले. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिले, तो दोन्ही काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावे त्याच्या दृष्टीस पडली. इतक्या जवळची गावे येण्याजाण्याच्या वाटेवाचून वसणार नाहीत, तेथे उतार असलाच पाहिजे, असा त्याने तर्क केला. उतार होता. फौज पार झाली आणि लढाईचा निकाल फिरला. पुढे 29 नोव्हेंबरास अडगावची लढाई झाली, 15 डिसेंबरास गाविलगड पडला आणि वर्षअखेर अंजनगावचा तह झाला.

आपल्या पराभवाची ही कथा आम्ही कौतुकाने सांगत नाही. तीतून घ्यावयाचा बोध एवढाच की, वाटाड्याचे सांगणे आणि वाटेचे ज्ञान या दोन भिन्न गोष्टी आहेत. वाटाड्या चुकू शकतो. तो काय सांगतो ते ऐकून घ्यावे, पण समोर जे दिसते त्याच्याशी ते पडताळून पाहण्याचे काम ज्याला पार जावयाचे आहे त्यालाच करावे लागते. वाटाड्या घोड्यावरचा असो वा आकाशातला असो, हा नियम बदलत नाही.

नकाशांचेही तसेच आहे. विल्यम लँब्टन याने 1802 मध्ये मद्रासेपासून हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी आरंभिली. सुमारे अर्धा टन वजनाचा कोनमापक डोंगरा-देवळांवर चढवीत तो वीस वर्षे उत्तरेकडे सरकत राहिला आणि जानेवारी 1823 मध्ये हिंगणघाट येथे, हाती घेतलेल्या कामावरच, मरण पावला. त्याची कबर तेथेच आहे. ज्याचे नाव जगातील सर्वोच्च शिखरास मिळाले, त्या जॉर्ज एव्हरेस्टने ही मोजणी वऱ्हाडातून पुढे नेली. ज्या भूमीचा एक-एक कोन मोजताना माणसे तापाने खंगली, त्या भूमीवरील आपले ठिकाण आज खिशातील यंत्र क्षणार्धात सांगते. या विद्येचा अव्हेर करणे शहाणपणाचे होणार नाही. मात्र ती काय सांगते व काय सांगत नाही, हे समजून घेतले पाहिजे.

आकाशातील घड्याळे

पुष्कळांची समजूत अशी असते की, उपग्रह वरून आपली मोटार पाहतो आणि डावीकडे वळा, उजवीकडे वळा असे सांगतो. वस्तुस्थिती निराळी आहे. उपग्रह आपल्याकडे पाहत नाही. तो केवळ आपले ठिकाण व आपल्या घड्याळातील वेळ अखंड पुकारीत असतो. अमेरिकेच्या ‘जी.पी.एस.’ योजनेतील उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांची हाक प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदास सुमारे तीन लक्ष किलोमीटर या गतीने, खाली येते. ती पोहोचण्यास किती वेळ लागला यावरून आपल्या यंत्रास त्या उपग्रहाचे अंतर कळते. अशी निदान चार उपग्रहांची अंतरे हाती आली म्हणजे आपण पृथ्वीवर नेमके कोठे आहो हे गणिताने निघते. एका सेकंदाच्या दशलक्षांशाची चूक झाली तरी अंतरात 300 मीटरांचा फरक पडतो. म्हणून उपग्रहांत अणुघड्याळे बसविलेली असतात. आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादानुसार ही घड्याळे जमिनीवरील घड्याळांपेक्षा दिवसास सुमारे 38 दशलक्षांश सेकंद पुढे जातात. ती दुरुस्ती केली नाही, तर एका दिवसात दहा किलोमीटरांहून अधिक चूक साचेल. ज्या सिद्धान्तास लोक केवळ पंडितांचा विषय समजत, तो आज दर्यापूरच्या वाटेवरील मोटारीत रोज उपयोगी पडतो.

ही योजना मुळात लष्करी होती. 1983 मध्ये वाट चुकलेले कोरियाचे प्रवासी विमान रशियन लढाऊ विमानाने पाडले व 269 माणसे प्राणांस मुकली. त्यानंतर अमेरिकेने ही सोय सर्व जगाच्या नागरी वापरास खुली करण्याचे जाहीर केले. तथापि नागरिकांस मिळणारी माहिती मुद्दाम काहीशी अंधूक ठेवलेली असे. तो पडदा मे 2000 मध्ये दूर झाला आणि मोटारींस तिचा खरा उपयोग होऊ लागला. रशिया, युरोप व चीन यांनीही आपापल्या योजना उभारल्या. आपल्या देशाने 1 जुलै 2013 रोजी पहिला व एप्रिल 2016 मध्ये सातवा दिशादर्शक उपग्रह सोडून ‘नाविक’ ही योजना पुरी केली. परंतु काही उपग्रहांतील परदेशी अणुघड्याळे बंद पडली. 29 मे 2023 रोजी सोडलेल्या उपग्रहात प्रथमच स्वदेशी अणुघड्याळ बसविले गेले. त्यापुढचा, जानेवारी 2025 मधील उपग्रह नियोजित कक्षेत पोहोचू शकला नाही. परावलंबन संपविण्याची ही वाट लांबची आहे, पण ती धरली गेली आहे हे समाधानाचे होय.

ठिकाण बरोबर, रस्ता चूक

वरील विवेचनावरून एक गोष्ट वाचकांच्या ध्यानात आलीच असेल. उपग्रह सांगतो ते फक्त आपले ठिकाण. त्या ठिकाणाहून कोणता रस्ता निघतो, तो पक्का की कच्चा, त्यावरचा पूल उभा की वाहून गेलेला, यातले काहीही उपग्रहास ठाऊक नसते. ते ठाऊक असते नकाशास. आणि नकाशा माणसांनी केलेला असल्यामुळे त्यात माणसांच्या चुका असतात.

त्या चुकांची किंमत काय असते, याचे दाखले दूर शोधावयास नकोत. जानेवारी 2021 मध्ये अकोले तालुक्यात कळसूबाईकडे निघालेल्या मंडळींची मोटार रात्रीच्या वेळी नकाशाने दाखविलेल्या पुलावर गेली. तो पूल धरणाच्या पाण्याखाली होता. एक जण बुडाला. नोव्हेंबर 2024 मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीनजीक रामगंगेवरील अपुऱ्या पुलावरून मोटार खाली कोसळून तिघे दगावले. जुलै 2025 मध्ये नवी मुंबईत बेलापूर येथे एक मोटार खाडीत उतरली. सुदैवाने चालविणाऱ्या बाईंस पोलिसांनी वाचविले. तिन्ही वेळा आकाशातील घड्याळे बिनचूक चालली होती.

आपल्या भागात असा धोका मुख्यतः पावसाळ्यात असतो. काळ्या मातीचा मुलूख, पूर्णेस मिळणाऱ्या अनेक नद्या आणि सातपुड्यावर पडलेला पाऊस काही तासांत खाली आणणारे नाले, अशी येथील स्थिती आहे. गावात ऊन पडलेले असते आणि वरच्या पावसाने वाटेतील ठेंगणा पूल पाण्याखाली गेलेला असतो. यंत्र मात्र तोच जवळचा रस्ता निळ्या रेषेने दाखवीत राहते. अशा वेळी पाण्याच्या अलीकडे मोटार उभी करून काठावरील माणसास विचारणे, आणि तो ‘नका जाऊ’ म्हणाला तर परत फिरणे, याहून मोठे दिशादर्शन नाही.

दुसरी अडचण नावांची. नुसते ‘अंजनगाव’ असे यंत्रास सांगितले आणि त्याने बडनेऱ्याजवळचे अंजनगाव बारी काढून दिले, तर तो दोष यंत्राचा नव्हे. वऱ्हाडात एकाच नावाची गावे थोडी नाहीत. पाहुण्यांस बोलावताना तालुक्यासह पूर्ण नाव कळविण्याची जुनी पत्रलेखनाची शिस्त येथेही उपयोगी पडते.

तिसरी गोष्ट मेळघाटची. चिखलदरा, सेमाडोह, हरिसाल या बाजूस गेल्यावर फोनची लहर अनेक ठिकाणी नाहीशी होते व नकाशाचा पडदा कोरा पडतो. लोक म्हणतात, उपग्रह बंद पडला. वास्तविक उपग्रहाची हाक तेथेही येतच असते, तिला फोनच्या मनोऱ्याची गरज नाही; न येणारा असतो तो नकाशा. घरून निघण्यापूर्वी त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून घेतला, तर जंगलातही आपले ठिकाण व रस्ता दिसत राहतो. ही सोय फुकट आहे आणि फार थोड्यांस ठाऊक आहे.

पैसा कोठे खर्चावा?

आता मूळ प्रश्न. मोटारीतच बसविलेल्या दिशादर्शकासाठी अधिक पैसे मोजावेत काय? त्याचे गुण आम्ही नाकारीत नाही. पडदा मोठा असतो, आणि चाकांच्या फेऱ्यांवरूनही अंदाज बांधण्याची योजना असलेले यंत्र बोगद्यातही गोंधळत नाही. पण त्यातील नकाशा शिळा होतो. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग डिसेंबर 2022 मध्ये शिर्डीपर्यंत व जून 2025 मध्ये संपूर्ण 701 किलोमीटर खुला झाला. अमरावती-अकोला महामार्गावर जून 2022 मध्ये 75 किलोमीटरांचे डांबरीकरण पाच दिवसांच्या आत करून जागतिक विक्रम नोंदविला गेला. ज्या देशात रस्ते इतक्या वेगाने बदलतात, तेथे चार वर्षांपूर्वी मोटारीत भरलेला नकाशा म्हणजे गतवर्षीचे पंचांग होय. फोनमधील नकाशा मात्र वरचेवर सुधारला जातो, आणि तो घरात आधीच असतो.

म्हणून ज्या कुटुंबाचा बहुतेक प्रवास ठाऊक वाटांनी होतो, त्याने केवळ अंगभूत दिशादर्शकासाठी वरचा प्रकार घेऊ नये, असे आमचे मत आहे. फोनचाच नकाशा मोटारीच्या पडद्यावर उमटविण्याची सोय माफक किमतीत मिळत असेल तर ती घ्यावी. नसल्यास फोन घट्ट धरून ठेवणारी चांगली बैठक पुरेशी आहे. वाचलेल्या पैशात चांगले टायर घ्यावेत. कायद्याचीही एक बाजू आहे. मोटार चालविताना फोन हाती घेणे हा गुन्हा आहे. ऑक्टोबर 2020 पासून केवळ मार्ग पाहण्यापुरता, आणि चालकाचे चित्त विचलित होणार नाही अशा रीतीने, तो वापरण्यास नियमाने मुभा दिली आहे. उत्तम रीत ही की, चालविणाऱ्याने रस्ता पाहावा व शेजारी बसलेल्याने नकाशा.

दिशादर्शक निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. अपरात्री घरातील वृद्ध माणसाच्या छातीत कळ येते, अमरावती किंवा नागपुरासारख्या शहरात कधी न पाहिलेले रुग्णालय गाठावयाचे असते, दुकाने बंद असतात, रस्त्यावर विचारण्यास माणूस नसते. त्या वेळी हा वाटाड्या ज्या दहा मिनिटांची बचत करतो, तिचे मोल रुपयांत करता येणार नाही. त्यासाठी तो घरातील प्रत्येक चालविणाऱ्यास वापरता आला पाहिजे, आणि जवळच्या दोन-तीन रुग्णालयांची ठिकाणे त्यात आधीच नोंदवून ठेवली पाहिजेत. हे काम एखाद्या रविवारी नातवाने आजोबांस शेजारी बसवून करावे. दोघांचीही उजळणी होईल.

बोलका सोबती

रेडिओची गोष्ट निराळी. तो वाट दाखवीत नाही, पण वाटेतील जगाशी नाते ठेवतो. मोटारीत बसविण्याजोगा स्वस्त रेडिओ अमेरिकेत गॅल्व्हिन बंधूंनी 1930 मध्ये बाजारात आणला; ‘मोटोरोला’ हे त्यांचे नाव मोटारीवरूनच पडले. आपल्याकडे मुंबईचे नभोवाणी केंद्र जुलै 1927 मध्ये सुरू झाले आणि आकाशवाणीचे नागपूर केंद्र जुलै 1948 मध्ये. एके काळी रेडिओ बाळगण्यास पोस्टात दरसाल फी भरून परवाना घ्यावा लागे, आणि ज्या घरी तो असे त्या घराच्या ओटीवर बातम्यांच्या वेळी सारी आळी जमे. आज परवाना नाही, फी नाही आणि फोनवरील गाण्यांप्रमाणे इंटरनेटचा खर्चही नाही.

त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. एफ.एम.ची लहर साधारणतः दृष्टिरेषेत जाते. केंद्रापासून पन्नास-साठ किलोमीटर दूर गेले की आवाज खरखरू लागतो, आणि मध्ये डोंगर आला की विरतो. मध्यम लहरी जमिनीला धरून पुष्कळ दूर जातात. म्हणून मोटारीतील रेडिओ दोन्ही पट्टे घेणारा असावा. विजेवर चालणाऱ्या काही मोटारींत मध्यम लहरींचा पट्टा ठेवलेलाच नसतो, कारण त्यांच्या विद्युत्-यंत्रणेमुळे आवाजात व्यत्यय येतो. घेण्यापूर्वी ही गोष्ट विचारून घ्यावी. खासगी एफ.एम. केंद्रांस स्वतःची बातमीपत्रे देण्याची मुभा नाही. म्हणून बातम्यांसाठी आकाशवाणीच लावली पाहिजे.

तरीही रेडिओ असावा असे आम्ही म्हणतो, आणि त्याची कारणे दोन. पहिले असे की, वादळात किंवा पुरात फोनचे मनोरे बंद पडले, तरी दूरच्या केंद्राचा आवाज मोटारीच्या विजेवर ऐकू येत राहतो. मोबाइल फोनमध्ये एफ.एम. रेडिओची सोय असावी, अशी सूचना केंद्र सरकारने 2023 मध्ये कारखानदारांस केली, तीही आपत्तीच्या वेळचा हाच उपयोग ध्यानी घेऊन. दुसरे कारण घरगुती आहे. मोटारीत बसलेल्या पाच जणांच्या कानांत पाच निरनिराळी गाणी चालू असली, म्हणजे ते कुटुंब एका वाहनात असूनही पाच वाहनांत बसल्यासारखे असते. रेडिओ लावला की सर्वांनी एकच ऐकावयाचे असते. नाट्यपद लागले की आजी गायकाचे नाव सांगतात, बातमी लागली की वडील आणि मुलगा वाद घालतात, शेतीविषयक कार्यक्रमात संत्र्याच्या बहाराची गोष्ट निघाली की काका गप्प होऊन ऐकतात. सरळसोट महामार्गावर चालविणाऱ्याच्या डोळ्यांवर झापड येऊ लागते, तेव्हाही हा आवाज उपयोगी पडतो. मात्र झोप खरोखर येत असेल तर रेडिओ मोठा न करता मोटार थांबवावी.

मुलांस दिशा शिकवा

शेवटी एका गोष्टीकडे आईबापांचे लक्ष वेधावयाचे आहे. लंडनमधील टॅक्सीचालकांस हजारो रस्ते मुखोद्गत करून परीक्षा द्यावी लागते. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात त्यांच्या मेंदूतील स्थलस्मृतीशी संबद्ध असलेल्या भागाची मागील बाजू इतरांपेक्षा मोठी आढळली. वापराने जे वाढते ते वापरावाचून मंदावण्याची भीती असते. जे मूल लहानपणापासून केवळ ‘दोनशे मीटरांवर डावीकडे वळा’ हेच ऐकते, त्यास गाविलगडाची रांग कोणत्या बाजूस, शहानूरचे पाणी कोणत्या दिशेस वाहते, सूर्य मावळताना अकोट समोर येते की पाठीमागे, हे कसे कळावे? म्हणून ओळखीच्या वाटेवर यंत्र बंद ठेवावे व मुलांस रस्ता सांगावयास लावावे. ती चुकली तर चुकू द्यावीत. दिवसाउजेडी दर्यापूरच्या फाट्यावर चुकलेले पोर पुढे रात्री परक्या मुलखात चुकणार नाही.

तेव्हा आमचा निर्णय असा: दिशादर्शक घ्यावा, पण फोनमधला; त्यासाठी मोटारीची किंमत वाढवू नये. रेडिओ घ्यावा, पण दोन्ही पट्ट्यांचा. त्यासाठी थोडी किंमत वाढली तरी हरकत नाही. वाटाड्यास मान द्यावा, सोबत्यास जागा द्यावी. परंतु पुलावर पाणी आहे की नाही हे पाहण्याचे आणि वेळीच मागे फिरण्याचे काम या दोघांपैकी कोणासही सोपवू नये. ते काम ज्याच्या हाती चाक आहे त्याचेच आहे, कारण त्याच्या पाठीमागच्या बैठकीवर त्याचे सारे घर बसलेले असते.